ओगलेवाडीची बरणी, बेल्जियमच्या नावावर

२०१६ साली आमचा आदिलाबाद जिल्हा फुटला आणि आमचं खाणींचं गाव बेल्लमपल्ली मंचिर्याल जिल्ह्यात गेलं. पत्ता बदलला म्हणून गावात कितीतरी दिवस चर्चा चालली. त्याच वर्षी कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याला, तो चालू असता तर, शंभर वर्षं झाली असती. त्याची आठवण आमच्या घरातच काय ती निघाली, कारण आईचं माहेर कऱ्हाडचं. आता परवा हैदराबादेत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात आमच्या घरच्या ओगलेवाडीच्या बरणीची सख्खी बहीण शोभावी अशी बरणी पाहिली. खाली चिठ्ठी होती : ‘बेल्जियमची कलात्मक काच’. हे कशावरून म्हणता, असं विचारलं. मालक म्हणाला, “तसं लिहिलं की गिऱ्हाईक थांबतं.” हे मनाला लागलं. वस्तू आपल्याकडची असू शकते, ही शंकासुद्धा त्याला येऊ नये?

काचेचा फार जुना इतिहास मी इथे उगाळणार नाही. तेर, नेवासे, पैठणच्या उत्खननांत काचेचे मणी निघाले, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत बांगड्यांचे तुकडे निघाले. ते पुरातत्त्ववाल्यांनी सांगावं. मला सांगायचं आहे ते एका पैशाबद्दल.

अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली की प्रत्येक माणसाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा राहावा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे. म्हणजे चौसष्ट माणसांपुढे हात पसरावा तेव्हा एक रुपया जमायचा. टिळकांनी या पैसाफंडाला पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी टिळकांची मंडालेला रवानगी झाली. भट्टी चालवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय. जपान-अमेरिकेत काच शिकून आलेला हा उत्तरेकडचा माणूस तळेगावात मराठी पोरांना नळी फुंकायला शिकवत होता. माल विकणं हे तळेगावचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे कारागीर घडवणं, आणि तिथे शिकलेली मुलं पुढे देशभरच्या भट्ट्यांवर गेली.

१९१४ च्या महायुद्धाने ऑस्ट्रियाच्या बांगड्या आणि बोहेमियाची काच अडवली. बाजार एकदम मोकळा झाला. त्या संधीत, १९१६ साली, ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या आश्रयाने आपला कारखाना काढला. गुरुनाथ प्रभाकर ओगले हे त्यातलं काचेचं जाणतं डोकं. बरण्या निघाल्या, पेले निघाले आणि पुढे वडिलांच्या नावाचा ‘प्रभाकर’ कंदील निघाला. तो तर मराठी घराघरांत गेला.

इथे एक जुना हिशेब चुकता करायचा आहे. युद्ध संपलं आणि जपानचा स्वस्त माल बंदरात येऊन पडू लागला. देशी कारखान्यांनी संरक्षण मागितलं. टॅरिफ बोर्डाने १९३२ च्या अहवालात ते द्यावं अशी शिफारस केली. सरकारने १९३५ साली नकार दिला. कारण काय, तर काचेला लागणारा सोडा परदेशातून येतो, म्हणून हा उद्योग इथला नैसर्गिक उद्योगच नाही. वाळू इथली, चुना इथला, कोळसा इथला, घाम इथला. लँकेशायरमध्ये कापसाचं एक बोंड पिकत नाही, तरी तिथल्या गिरण्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. पुढे १९३९ मध्ये टाटांची केमिकल कंपनी निघाली, मिठापूरला सोडा होऊ लागला, पण ती मोक्याची वर्षं परत आली नाहीत.

मधली वर्षं सोडतो. माझ्या डोळ्यांदेखत गेलं ते दशक १९८० चं.

आमची बरणी तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर असे. काच किंचित हिरवट, कारण वाळूत लोहाचा अंश राहिला की तो रंग उतरतोच. उन्हात धरली की आत लांबट बुडबुडे दिसत. दोन बाजूंना साच्याच्या जोडाची बारीक रेघ. तळ एकीकडे जाड, एकीकडे पातळ. नळीवरून तोडल्यानंतर तोंडाची कड घासून सपाट केलेली. बोट फिरवलं की ती घासणी अजून लागते. कुणीतरी मुशीतला रस नळीवर घेऊन, साच्यात धरून, एका दमात तो फुगवला, मग भांडं हळूहळू निववलं. निववण्यात घाई झाली असती तर पहिल्याच उन्हाळ्यात ती तडकली असती. तशी ती तडकली नाही.

मे महिन्यात वाड्यातल्या तेलुगू बायका आवकाय, म्हणजे कैरीचं लोणचं, घालत आणि चिनी मातीच्या ‘जाडी’त, म्हणजे त्यांच्या बरणीत, भरत. आई तीच आवकाय त्यांच्याकडून शिकून आमच्या बरणीत भरे. जाडीचं फडकं सोडल्याशिवाय आत काय चाललंय कळत नाही. बरणीत तेल वर आलं की लांबूनच दिसे. शेजारच्या अक्का त्यासाठी मुद्दाम येऊन बघत.

याच दशकात कंदील माळ्यावर गेला. १९८३ साली रामगुंडमला औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. ती वीज आमच्याच भागातल्या सिंगरेणी खाणींच्या कोळशावर होत होती. खाणीत उतरणाऱ्या माणसांच्या घरी उजेड आला, याचा मला तेव्हाही आनंद होता आणि आजही आहे. कंदिलासाठी मी रडत नाही. पण बरणीचं काम विजेने संपवलं नव्हतं. जुन्या साड्यांवर भांडी देणाऱ्या बायका लाल झाकणाच्या प्लास्टिकच्या बरण्या घेऊन आल्या आणि वर्षा-दोन वर्षांत वाड्यातल्या फळ्या बदलल्या. काच भंगारवाल्याकडे किलोवर गेली. त्या प्लास्टिकला लोणच्याचा वास लागला की तो सात पाण्यांनीही जात नसे. तरी आम्ही हौसेने घेतल्या, फुटत नाहीत म्हणून. पुढे इथल्या खाणी एकेक करून मिटल्या, क्वार्टर ओस पडले, माणसं गोदावरीखणीकडे गेली. तिकडे ओगलेवाडीची भट्टीही विझली.

मला राग आहे तो आत्ताच्या कौतुकाचा. ज्यांनी त्या बरण्या भंगारात घातल्या त्यांचीच नातवंडं आता दिवाणखान्यात ठेवायला ‘विंटेज’ काच शोधत फिरतात आणि बेल्जियमचं नाव वाचलं की मागतील ते पैसे मोजतात. वस्तूवर शिक्का नसला की ती आपोआप परदेशी ठरते. साच्याची रेघ, तळाची जाडी, काचेचा रंग यांवरून भट्टी ओळखणारा माणूस त्या व्यापारात मला भेटला नाही. तळेगावात कोणी काय शिकवलं, ओगल्यांच्या साच्यांचे नमुने कोणते, याची एक साधी सचित्र सूची तरी दुकानदाराच्या हातात असायला हवी. ती मराठी विद्यापीठांनी आणि संग्रहालयांनी करायची नाही तर कुणी? बोहेमियाच्या काचेवर जाडजूड ग्रंथ आहेत, कारण तिथल्या लोकांनी ते लिहिले.

कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन ओगलेवाडीलाच आहे. रोज गाड्या थांबतात, माणसं उतरतात. त्या फलाटावर एक काचेचं कपाट ठेवायला किती खर्च येईल? आत एक ‘प्रभाकर’ कंदील, एक बरणी, एक फुंकायची नळी, आणि खाली अंताजी काळे, ईश्वरदास वार्ष्णेय आणि गुरुनाथ ओगले यांची नावं मराठीत. आमची बरणी मी त्या कपाटासाठी द्यायला तयार आहे.