मागच्या रांगेची कसोटी

बेळगाव-निपाणी भागातील कित्येक कुटुंबांची कुलदैवते गोमंतकात आहेत. जत्रेला वा लग्नकार्याला ही मंडळी कधी चोर्ला घाटाने, कधी आजरा-आंबोलीमार्गे येतात. एका गाडीत तीन पिढ्या असतात. अशा घरांत हल्ली वाद रंगतो तो तीन रांगांच्या दोन गाड्यांचा. टाटांची सफारी घ्यावी की टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस? पहिली पुण्यात तयार होते, दुसरी बेंगळुरूनजीक बिडदीत. तेव्हा सीमाभागात या वादालाही प्रांताभिमानाची फोडणी मिळाली, तर नवल नव्हे!

आम्हांस वाटते, निवाडा मागच्या रांगेने करावा. हायक्रॉसच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर 2850 मिलिमीटर, सफारीचे 2741. हा अकरा सेंटिमीटरांचा फरक शेवटच्या आसनावरील गुडघ्यांना कळतो. हायक्रॉसच्या पेट्रोल-विजेच्या जोडयंत्रात घाट उतरताना ब्रेकची वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते. उलट, सफारीचे दोन लिटरचे डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जोर धरते. भरल्या गाडीने चढण चढताना तो गुण मोलाचा ठरतो. सातही माणसे नित्य प्रवास करणार असतील, तर आमचा कौल हायक्रॉसला. मागे क्वचितच आणि मुलेच बसणार असतील, तर सफारी पुरेशी होय.

परंतु गाडी कोणतीही असो, मागच्यांनी पट्टा बांधलाच पाहिजे. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरनजीकच्या अपघातात सायरस मिस्त्री दगावले; मागच्या आसनावर त्यांनी पट्टा बांधला नव्हता. महागड्या गाडीनेही त्यांना वाचवले नाही. आपल्याकडे मात्र पट्टा ही पुढच्या दोघांचीच जबाबदारी, असा समज आहे. आजी मागे, नातू तिच्या मांडीवर, आणि दोघांनाही आधार फक्त देवाचा!

डिसेंबर 2022 मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या मालमोटारींवर दगड पडले. पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. सीमाप्रश्नावर मराठी माणसाचा न्याय्य दावा आहे आणि त्याचा निवाडा न्यायालयात व्हावयाचा आहे. क्रमांकाची पाटी पाहून दगड उचलणाऱ्याला काचेआडचे नातवंड दिसत नाही. गाडी निवडणाऱ्याने तरी त्या नातवंडाकडे आधी पाहावे, कारखान्याच्या प्रांताकडे नव्हे.