झारशिवायचे झारवादी

बोल्शेविकांविरुद्ध लढलेल्या श्वेत सेना म्हणजे झारला पुन्हा गादीवर बसवायला निघालेल्या फौजा, ही समजूत सोव्हिएत प्रचाराने रुजवली. सेनानींची नावे पाहिली की ती डळमळते. मार्च 1917 मध्ये झारने गादी सोडावी म्हणून आघाड्यांवरच्या सेनापतींची मते मागवली ती जनरल अलेक्सेयेव्हने. सम्राज्ञीला नजरकैदेचा हुकूम बजावला जनरल कोर्निलोव्हने. जनरल डेनिकिनचे वडील तर जन्माने भूदास. याच माणसांनी वर्षअखेरीस डॉन नदीच्या काठी स्वयंसेवक सेना उभारली. हाताखालच्या अधिकाऱ्यांत राजनिष्ठ पुष्कळ होते, पण झेंड्यावर झारचे नाव नव्हते.

त्यांची निष्ठा सैन्याच्या शपथेशी आणि रशियाच्या अखंडत्वाशी होती. बोल्शेविकांनी मार्च 1918 मध्ये जर्मनीशी केलेला ब्रेस्ट-लिटोव्हस्क तह त्यांना उघड देशद्रोह वाटे. तरीही डॉनच्या कोसॅकांचा अतामान (प्रमुख) क्रास्नोव्ह जर्मनांकडून शस्त्रे घेई आणि त्यातला वाटा जर्मनद्वेष्ट्या स्वयंसेवक सेनेला देई. क्रास्नोव्हच्या कोसॅकांना डॉनची जमीन आणि स्वायत्तता प्यारी. मॉस्कोवर चाल करण्याचा उत्साह त्यांना बेताचाच.

पुढे काय करायचे, याचे उत्तर श्वेतांनी मुद्दाम टाळले. राजेशाही की प्रजासत्ताक, जमीन कोणाची, हे सारे विजयानंतर भरणारी राष्ट्रीय सभा ठरवील, असे त्यांचे धोरण. गंमत अशी, की निवडून आलेली संविधान सभा बोल्शेविकांनी जानेवारी 1918 मध्ये उधळल्यावर तिच्या सदस्यांनी समारात सरकार थाटले होते. त्या परंपरेतले समाजवादी ओम्स्कच्या संयुक्त सरकारात होते. नोव्हेंबर 1918 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना पकडले आणि ॲडमिरल कोल्चाक ‘सर्वोच्च शासक’ झाला.

शेतकऱ्याला हे थांबणे परवडणारे नव्हते. जमीनदाराची जमीन त्याने आधीच वाटून घेतली होती, आणि 1919 मध्ये डेनिकिनच्या राज्यात पिकाचा तिसरा हिस्सा जुन्या मालकाला द्यावा असा हुकूम निघाला. लालांची, म्हणजे बोल्शेविकांची, धान्यवसुली त्याला नकोशी होती. पण श्वेतांच्या मागोमाग जमीनदार परत येतो, हेही त्याने पाहिले होते.

एका उद्दिष्टावर मात्र तडजोड नव्हती: ‘एक आणि अविभाज्य रशिया’. 1919 मध्ये फिनलंडच्या मानरहाइमने पेट्रोग्राडवर चाल करण्याची तयारी दाखवली. अट होती स्वातंत्र्याच्या मान्यतेची. कोल्चाकने ती नाकारली. त्या शरदात श्वेत सेनापती युडेनिच पेट्रोग्राडच्या वेशीपर्यंत पोचला तेव्हा फिनिश सैन्य सोबत नव्हते. डेनिकिन ओर्योलपर्यंत धडकला, तर पोलंडच्या पिल्सुड्स्कीने आपली फौज थांबवून ठेवली. विजयी श्वेत रशिया आपल्याला स्वतंत्र राहू देणार नाही, असा त्याचा हिशेब, आणि तो चुकीचा म्हणवत नाही. कुबानच्या कोसॅकांनी स्वतंत्र बाणा दाखवला तेव्हा त्यांच्या विधिमंडळाच्या एका पुढाऱ्याला फासावर लटकवण्यात आले. ज्यांची मदत हवी, त्यांचेच हक्क नाकारायचे, असा हा कारभार. ‘बोल्शेविकविरोध’ या शब्दाआड युक्रेनमध्ये ज्यूंच्या कत्तलीही झाल्या; त्यांत श्वेत सैनिकांचा मोठा हात होता.

1920 मध्ये क्रिमियात जनरल व्रांगेलने धोरण बदलले: शेतकऱ्याला जमीन देणारा कायदा केला, कोसॅकांशी करार केला, पोलंडशी जुळवून घेण्याचा प्रयत्न केला. तोवर हाती एक द्वीपकल्पच उरले होते. नोव्हेंबरमध्ये सुमारे दीड लाख माणसे जहाजांतून इस्तंबूलकडे निघाली. परागंदा सैनिकांची संघटना व्रांगेलने 1924 मध्ये स्थापली, तेव्हाही अधिकाऱ्यांनी राजकीय पक्षांत शिरू नये असाच दंडक होता.