आयझाया थॉमस : एका कर्णधाराचा जमाखर्च

बास्केटबॉलमध्ये ज्याला पॉइंट गार्ड म्हणतात, तो नावाप्रमाणे केवळ राखण करणारा नसतो. चेंडू पुढे नेणे, कोणता डाव टाकायचा ते क्षणार्धात ठरविणे आणि कोणत्या सहकाऱ्याच्या हाती चेंडू पोचला म्हणजे गुण पदरात पडेल हे ताडणे, एवढी जोखीम ज्याच्या शिरावर असते, तो मैदानावरचा खरा कारभारीच म्हटला पाहिजे. शिकागोच्या गरीब वस्तीत नऊ भावंडांतले शेंडेफळ म्हणून वाढलेला, उंचीने सहा फूट एक इंच, म्हणजे त्या खेळाच्या मापाने ठेंगणाच, असा आयझाया थॉमस १९८१ साली डेट्रॉइट पिस्टन्सकडे आला, तेव्हा आदल्या हंगामात ८२ पैकी अवघे २१ सामने जिंकलेल्या त्या संघाला असा कारभारी हवाच होता.

त्याचा सर्वांत मोठा गुण मला त्याच्या त्यागात दिसतो. १९८४-८५ च्या हंगामात सामन्यामागे २१ हून अधिक गुण स्वतः मिळविणाऱ्या या माणसाने पुढे ड्यूमार्स, व्हिनी जॉन्सन इत्यादी सहकाऱ्यांसाठी वाट मोकळी केली. १९८९ साली त्याची सरासरी १८ वर उतरली आणि त्याच वर्षी संघाला पहिले अजिंक्यपद लाभले. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान ड्यूमार्सला मिळाला.

परंतु हाच माणूस प्रसंगी सारा भार एकट्याने उचलीत असे. १९८८ च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात, लॉस एंजेलिसमध्ये, तिसऱ्या सत्रात त्याचा घोटा मुरगळला. तरी लंगडत, एका पायावर उड्या घेत, त्याने त्या एका सत्रात २५ गुण मिळविले. सामना १०३-१०२ असा, एका गुणाने, हातचा गेला. पण जायबंदी नायक मागे हटत नाही हे संघाने डोळ्यांनी पाहिले, आणि पुढील दोन वर्षांच्या विजयांचे बीज मला तेथेच रुजलेले दिसते.

दोषांची बाजूही तितकीच खरी आहे. १९८७ साली बोस्टनविरुद्ध, पाच सेकंद उरले असता आणि संघ एका गुणाने पुढे असता, प्रशिक्षक चक डेली खेळ थांबविण्यासाठी खुणावीत होते. ते न पाहता थॉमसने घाईने चेंडू आत फेकला, लॅरी बर्डने तो मधल्या मध्ये हिरावला आणि हाती आलेला सामना गेला. ही चूक मी क्षम्य मानतो, कारण ती आवेगाची होती. १९९१ साली शिकागो बुल्सविरुद्धच्या मालिकेत तीन सामने हरून चौथाही हातचा गेला असता, खेळ संपण्यास काही सेकंद उरले असतानाच तो व त्याचे सहकारी हस्तांदोलन न करता मैदानाबाहेर निघून गेले, ते मात्र क्षम्य नव्हे. बोस्टननेही आपल्याशी पूर्वी असेच वर्तन केले होते, ही त्याची कैफियत वस्तुस्थितीला धरून असली तरी, १९८८ च्या त्या प्रसंगी बोस्टनच्या मॅकहेलने थांबून त्याच्याशी हस्तांदोलन केले होते, याचा विसर नायकाने पडू द्यावयास नको होता. ज्याच्या मागे सारा संघ चालतो, त्याच्या पावलांचा हिशेब अधिक कसोशीने घेतला जातो.

पुढील वर्षीच्या बार्सिलोना ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा जो संघ निवडला गेला, त्यात थॉमसला स्थान मिळाले नाही. त्या संघाचे प्रशिक्षक चक डेलीच होते.