जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क खरंच उडाली आहे का?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा देशभरातून कॅमेरे इथे आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचं सांगितलं. पण त्याआधीच्या पंधरा-वीस वर्षांत पाणी किती चढलं, किती उतरलं, कमळजा देवीच्या देवळाभोवती काठ कुठे होता, हे दाखवणारे फोटो गावातल्याच स्टुडिओंच्या आणि घरांच्या जुन्या मशीनमध्ये, लग्नाच्या अल्बमसोबत मिळालेल्या सीड्यांमध्ये सापडण्यासारखे आहेत. ‘हार्डडिस्क उडाली’ एवढ्या एका वाक्यावर अशी मशीन भंगारात जातात. अनेकदा डिस्क उडालेली नसतेच.

बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश आला, की डिस्क गेली असं समजलं जातं. आधी स्क्रीनवरची तारीख बघा. ती एकदम दहा-पंधरा वर्षं मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा बटण सेल संपला आहे. मशीनची वीज बंद असताना घड्याळ आणि बायोसमधली, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममधली, सेटिंग याच सेलवर टिकून राहतात. सेल संपला की कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, हेही मशीन विसरू शकतं. साटा डिस्कच्या मशीनमध्ये आणखी एक घोळ होतो. विंडोज एक्सपी आयडीई या जुन्या मोडमध्ये बसवलेली असते आणि सेल गेल्यावर बायोस परत एएचसीआय हा नवा मोड धरतो. मग निळा स्क्रीन येतो, त्यावर शेवटी ७बी असलेला एरर दिसतो, आणि ‘विंडोज उडाली, फॉरमॅट मारावं लागेल’ असा निकाल लागतो. इथेच खरं नुकसान होतं. नवा सेल टाका, बायोसमध्ये जाऊन तारीख लावा, मोड पुन्हा आयडीई करा. पुष्कळदा जुनी विंडोज जशीच्या तशी उघडते. हे करून पाहिल्याशिवाय फॉरमॅटला हात लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

साटाच्या आधीच्या, रुंद पट्टीच्या केबलवाल्या आयडीई मशीनमध्ये सगळा गोंधळ जंपरचा असतो. मास्टर म्हणजे मुख्य डिस्क आणि ती स्लेव्हला चालवते, असं अनेकांना वाटतं. तसं काही नसतं. प्रत्येक डिस्कचा कंट्रोलर तिच्या स्वतःच्या बोर्डवर असतो. एका केबलवर दोन उपकरणं बसतात, त्यांचे ते नुसते दोन घर क्रमांक आहेत, शून्य आणि एक. दोघांना एकच क्रमांक दिला, की कधी एक दिसतं, कधी दोन्ही गायब होतात. डिस्कच्या मागे, डेटा केबल आणि पॉवरच्या खोबणीच्या मधे पिनांच्या जोड्या असतात. त्यांतल्या एका जोडीवर शेंगदाण्याहून लहान प्लॅस्टिकची टोपी असते, तोच जंपर. तो कुठे लावायचा, हे बहुतेक वेळा डिस्कच्या लेबलवरच छापलेलं असतं. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच आयडीई डिस्कमध्ये ‘एकटी’ आणि ‘स्लेव्हसोबत मास्टर’ अशी दोन वेगळी सेटिंग आहेत. त्याच केबलवरचा सीडी ड्राइव्ह काढून डिस्क एकटी ठेवली आणि जंपर तसाच राहिला, तर चांगली डिस्कसुद्धा बायोसला दिसत नाही.

केबल सिलेक्ट, म्हणजे केबलवरच्या जागेनुसार मास्टर-स्लेव्ह ठरवणारं जंपरचं सेटिंग, वापरायचं असेल, तर ८० तारांची केबल घ्या. निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. तारा ८० असल्या तरी पिना ४० च असतात. वाढीव ४० तारा अर्थच्या आहेत, सिग्नलमधला गोंगाट कमी करण्यासाठी. जुनी ४० तारांची केबल लावली, तर वेग सेकंदाला ३३ एमबीच्या वर जात नाही. एकच डिस्क असेल तर ती शेवटच्या टोकाला लावा, मधल्याला नको.

सीडी ड्राइव्ह त्याच केबलवर लावला तर हार्डडिस्क सीडीच्या वेगानं चालते, हे अगदी सुरुवातीच्या मशीनपुरतं खरं होतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दोघांचा वेग वेगळा ठेवता येऊ लागला. तरीही एका वेळी केबलवर एकच उपकरण बोलू शकतं, म्हणून सीडी ड्राइव्ह दुसऱ्या केबलवर लावणंच चांगलं.

८० जीबीच्या डिस्कवर विंडोज ७४.५ दाखवतं, म्हणून दुकानदाराला बोल लावू नका. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटींहून थोडे जास्त. १६० जीबीची डिस्क १२७-१२८ च दाखवते, ती मात्र वेगळी बाब आहे. जुन्या २८ बिटी पद्धतीत १३७ अब्ज बाइटच्या पुढे मोजताच येत नाही. एक्सपीच्या पहिल्या आवृत्तीत ही अडचण होती, २००२ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये ती सुटली. डेटा भरलेली मोठी डिस्क अशा जुन्या मशीनला जोडून तिच्यावर काही लिहू नका, आधीचं पुसलं जाऊ शकतं.

साटामध्ये मास्टर-स्लेव्ह नाहीच. काही साटा डिस्कच्या मागे जंपर दिसतो, तो वेग कमी करण्यासाठी असतो. व्हीआयएच्या व्हीटी८२३७ चिपसेटवर नव्या साटा डिस्क त्याशिवाय दिसत नाहीत.

सीडीची चकचकीत बाजू जपायची आणि लेबलची बाजू टेबलावर घासली तरी चालते, हा समज मोडायलाच हवा. सीडीत माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो. खालच्या बाजूचा बारीक ओरखडा पुसून, घासून कधी कधी वाचवता येतो. लेबलच्या बाजूनं थर खरवडला गेला, तर तिथलं कायमचं गेलं. पुसताना मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. तडा गेलेली सीडी ५२एक्सच्या ड्राइव्हमध्ये घालू नका. ती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि आतच फुटू शकते. घरी लिहिलेली सीडी शंभर वर्षं टिकते, या जाहिरातीवरही विसंबू नका. उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत तिचा रंगद्रव्याचा थर लवकर खराब होतो.

डिस्क खट्‌खट्‌ आवाज करत असेल, तर ती फ्रीजमध्ये ठेवू नका आणि झाकण उघडू नका. एकानं आत ओल धरते, दुसऱ्यानं धूळ जाते. वीज बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

डिस्क नीट फिरत असेल, तर ती जुन्या मशीनवर चालवण्याची गरजही नाही. आयडीई आणि साटा दोन्ही लावता येतील असा यूएसबी अ‍ॅडॉप्टर घ्या, आयडीई डिस्कचा जंपर मास्टरवर ठेवा (वेस्टर्न डिजिटलची असेल तर ‘एकटी’वर) आणि फोटो लॅपटॉपवर उतरवा. सेल संपलेल्या मशीनमधल्या फाइलवरची तारीख चुकीची असू शकते. पण डिजिटल कॅमेऱ्यानं घेतलेल्या मूळ फोटोच्या आत कॅमेऱ्यानं नोंदवलेली तारीख वेगळी असते. सरोवराच्या फोटोला किंमत त्या तारखेनंच आहे, म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी कॉपी करा, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका. दोन प्रती दोन जागी ठेवा, आणि मगच ते मशीन भंगारवाल्याला द्या.