शर्यतीतली गाडी अचानक का सरकते?

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या 2015 मधील 'नीड फॉर स्पीड'मध्ये एकट्याने खेळतानाही इंटरनेट लागे आणि शर्यत मध्येच थांबवता येत नसे, कारण खेळातले शहर सर्व्हरद्वारे, म्हणजे दूरच्या सामायिक संगणकाद्वारे, इतरांसोबत वाटून घेतलेले होते. अशा खेळांत प्रतिस्पर्ध्याची स्थिती पत्रातल्या खुशालीप्रमाणे किंचित शिळी होऊनच पोहोचते. ताशी 200 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात साडेपाच मीटर कापते, म्हणून खेळाडूचे यंत्र मधली जागा अंदाजाने भरते, आणि अंदाज चुकला की गाडी झटक्यात सरकते. सर्व्हर हैदराबादपासून सुमारे 3,300 किलोमीटरवरच्या सिंगापुरात असेल, तर केबलमधल्या प्रकाशालाही जाऊन-येऊन किमान सेकंदाचा तिसावा भाग लागतो, आणि महागड्या जोडणीनेही तो घटत नाही. सर्व्हरच बंद केला, तर विकत घेतलेला खेळही संपतो. युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चे 31 मार्च 2024 रोजी तसेच झाले, आणि पैसे मोजलेल्या खेळाडूंवर तो उघड अन्याय होता.