विहिरीची पातळी दाखविणारा संवेदक आणि त्याचा उपयोग

माघ-फाल्गुनात विहिरीचे पाणी झपाट्याने खाली जाऊ लागते. रात्री वीज येते, ‘ऑटो’वर ठेवलेली मोटर सुरू होते, आणि विहिरीत पाणी किती उरले हे पाहण्यास तेथे कोणीही नसते. पाणबुडी पंपाची मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते. पाणी सरल्यावर ती चालू राहिली, तर थोड्याच वेळात जळते. दुरुस्तीचा खर्च होतोच. परंतु ऐन दाणे भरण्याच्या वेळी पिकाची पाळी चुकते, ही हानी त्याहून मोठी होय. ती टाळण्याचे साधन म्हणजे पाणीपातळी-संवेदक. बाजारात त्यास सेन्सर म्हणतात.

संवेदकाचे प्रकार

१) तरंगता गोळा : हा स्वस्त व साधा असतो. घरच्या टाकीस योग्य. विहिरीत मात्र पाइपास किंवा दोरास अडकतो.

२) विद्युत्-कांड्या : पाण्यातून वीज वाहते, या तत्त्वावर हे साधन चालते. पाणी कांडीच्या खाली गेले की मंडल तुटते व स्टार्टर मोटर बंद करतो.

३) ध्वनिसंवेदक : हा ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर काढतो. मोकळ्या टाकीत तो ठीक चालतो. विहिरीतील कपारी व पाइप यांवरून ध्वनी परतल्यास आकडा चुकतो.

४) दाबसंवेदक : हा पाण्यात बुडवून ठेवतात. वर दहा मीटर पाणी असल्यास दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब पडतो. त्यावरून खोली कळते.

मोटर बंद करण्यास कांड्या आणि रोजच्या मोजणीस दाबसंवेदक, अशी निवड विहिरीसाठी इष्ट होय.

बसविताना घ्यावयाची काळजी

तीन कांड्यांपैकी एक तळाशी असावी. दुसरी पंपाच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाच्या वर सुमारे अर्धा मीटर आणि तिसरी तिच्याही वर एक मीटर असावी. पाणी दुसरीखाली जाताच मोटर थांबते व तिसरीपर्यंत चढल्यावरच पुन्हा सुरू होते. हे अंतर न ठेवल्यास मोटर वारंवार चालू-बंद होऊन बिघडते. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. कांड्यांवरील क्षार वेळोवेळी पुसावा.

काही संवेदक मोबाइलवर संदेश पाठवितात. परंतु रेंज नसली किंवा बॅटरी उतरली, तर संदेश येत नाही. यास्तव संदेश आला नाही म्हणजे विहिरीत पाणी आहे, असे समजू नये. आठवड्यातून एकदा कठड्यावरील ठरावीक खुणेपासून टेप सोडून आकडा पडताळावा.

आकड्यांचा हिशेब

सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर होय. उपसा थांबविल्यावर रात्रभरात पातळी एक मीटर चढत असेल, तर रोजची आवक तेवढीच समजावी. एक एकरास पाच सेंटिमीटरची एक पाळी देण्यास सुमारे २,००,००० लिटर पाणी लागते. म्हणजे एका पाळीस सात दिवसांची आवक खर्ची पडेल. पाळी दर आठ दिवसांनी द्यावयाची असल्यास अशा विहिरीवर एका एकराहून अधिक उन्हाळी भुईमूग घेणे धोक्याचे ठरेल.

शिवाय, महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. पाणी मुख्यतः वरच्या मुरमात व खडकाच्या भेगांत साठते. पातळी मुरमाखाली गेली की आवक एकदम घटते. म्हणून हा हिशेब पेरणीपूर्वी करावा व दर पंधरवड्यास पुन्हा तपासावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील निवडक विहिरींचे आकडे तारीखवार वहीत नोंदवून उन्हाळी पेरणीपूर्वी ग्रामसभेपुढे ठेवावेत. संवेदक पाणी वाढवीत नाही. उरलेले पाणी किती, हे तो वेळीच सांगतो. त्याप्रमाणे पीक बेतणे हे शेतकरी बंधु-भगिनींच्याच हाती आहे.