मोठे नाव म्हणजे पुरावा नव्हे!

परग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा सापडल्या, अशा बातम्या एप्रिल २०२५ मध्ये जगभर झळकल्या. ग्रहाचे नाव के२-१८बी, अंतर सुमारे १२४ प्रकाशवर्षे. दावा करणारे केंब्रिज विद्यापीठातील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन. आपला माणूस म्हणून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमान हा पुरावा नव्हे, हे आम्हाला ठासून सांगायचे आहे.

एवढ्या दूरच्या ग्रहाची हवा कळते तरी कशी? ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडासा प्रकाश त्या ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. प्रत्येक वायू ठरावीक रंग शोषून घेतो. वर्णपटात कोणते रंग फिके पडले, त्यावरून वायू ओळखतात. याच रीतीने २००१ मध्ये हबल दुर्बिणीच्या साहाय्याने एचडी २०९४५८बी या ग्रहाच्या हवेत सोडियम सापडले. परग्रहाच्या वातावरणाचा तो पहिला थेट पुरावा.

के२-१८बीवर पाण्याची वाफ असल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले होते. २०२३ मध्ये मधुसूदन यांच्याच गटाने जेम्स वेब दुर्बिणीतून पाहिले, तर वाफेऐवजी मिथेन व कार्बन डायऑक्साइड आढळले. म्हणजे ज्यांनी दुसऱ्यांचा दावा तपासला, त्यांचाच दावा आता इतरांनी तपासायला घेतला. यात कोणाचा अपमान झाला काय? मुळीच नाही.

नवा दावा डायमिथाइल सल्फाइडचा. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म जिवांपासून तयार होतो. मिळालेला संकेत निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता ०.३ टक्के होती. शास्त्रज्ञांची कसोटी मात्र ०.००००६ टक्क्यांची! आणखी निरीक्षणे हवीत, हे मधुसूदन यांनीही मान्य केले. इतर गटांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासली, तेव्हा ठोस पुरावा मिळाला नाही. शिवाय हा वायू निर्जीव धूमकेतूवरही आढळला आहे.

वेब दुर्बिणीची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर जगातील कोणालाही पाहता येतात. तेथे ज्ञानाला कुलूप नाही आणि प्रश्न विचारण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. १२४ प्रकाशवर्षांवरच्या हवेबद्दल एवढी कठोर चिकित्सा होते. मग आपल्या गल्लीत चमत्काराचे दावे होतात तेव्हा आपण गप्प का बसतो? आपल्या मुलामुलींना ग्रहांची नावे जरूर शिकवा. पण ‘पुरावा काय?’ असे विचारायला त्याआधी शिकवा.